खून ६६४ सालातला, भांडण आमच्या वाचनालयातलं

आमच्या वाचनालयाच्या वार्षिकांकात सभासदांच्या मतांचं एक सदर असतं. एक पुस्तक ठरवायचं, ज्यांना जमेल त्यांनी ते वाचायचं, आणि कोणीतरी एकाने सगळ्यांची मतं गोळा करून चार पानांचा मजकूर करायचा. यंदा ते ‘कोणीतरी’ मी होते. ऐकायला काम हलकं वाटतं, पण लोकांकडून पुस्तकाबद्दल लेखी मत काढणं म्हणजे उधारी वसूल करण्यापैकीच. तोंडी विचारा, अर्धा तास हलू देणार नाहीत. कागद पुढे केला की ‘छान. वाचनीय.’ आणि खाली लफ्फेदार सही.

म्हणून मी आधीच ठरवलं, मत एकदाच घ्यायचं नाही. निम्मं पुस्तक झाल्यावर एक चिठ्ठी आणि संपल्यावर दुसरी. रहस्यकथेच्या बाबतीत तर हे हवंच. शेवट कळला की प्रत्येक जण म्हणतो, मला पहिल्यापासून संशय होताच. शिवाय चिठ्ठीवर ‘आवडलं का’ हा प्रश्नच ठेवला नाही. कुठे कंटाळलात, कशावर विश्वास बसला नाही, एवढंच विचारलं. नापसंती विचारली की माणूस मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक निवडताना नेहमीचीच ओढाताण. आमच्याकडे ऐतिहासिक वाचणाऱ्यांची एक फळी आणि रहस्यकथा वाचणाऱ्यांची दुसरी. पहिलीला दुसरी उथळ वाटते, दुसरीला पहिली रडकी. दोघींना एका मांडवाखाली आणायचं म्हणून ऐतिहासिक रहस्यकथाच घेऊ म्हटलं, आणि तीही असल्या काळातली की जिच्याबद्दल कोणाचीच आधीपासून ठाम मतं नसतील. (शिवकाल घेतला असता तर चिठ्ठ्या बाजूला राहिल्या असत्या.) कपाटात पीटर ट्रेमेन यांची ‘अब्सोल्यूशन बाय मर्डर’ ही इंग्रजी कादंबरी होती. १९९४ साली आलेली, सिस्टर फिडेल्मा मालिकेतली पहिली. ट्रेमेन हे टोपणनाव. मूळ नाव पीटर बेरेसफोर्ड एलिस, आणि ते केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सकडच्या जुन्या लोकांच्या, इतिहासाचे अभ्यासक. ही दुसरी ओळख पुढे फार कामाला आली.

कथेची मांडणी अशी. साल ६६४. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आज व्हिट्बी म्हणतात त्या गावी समुद्राकडेच्या उंच कड्यावर हिल्डा नावाच्या मठाधिपती बाईंचा मठ आहे. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वी याने तिथे धर्मसभा भरवली आहे. आयर्लंडहून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठामार्गे आलेली ख्रिस्ती परंपरा पाळायची की रोमची, याचा निकाल लावायचा आहे. इथवर सगळा इतिहास. कादंबरीकाराने त्यात खून घातला. आयरिश पक्षाची मुख्य वक्ती, किल्डेअरच्या मठाची प्रमुख एटेन, चर्चेला तोंड फुटायच्या आतच मारली जाते. संशय अर्थातच रोमवाल्यांवर. सभा उधळायची वेळ येते आणि तपास फिडेल्माकडे सोपवला जातो. ती आयरिश राजघराण्यातली, मठातली, आणि वर आयर्लंडच्या जुन्या कायद्याची शिकलेली वकील. एकटीने तपास केला तर पक्षपाताचा ओरडा होईल म्हणून जोडीला रोमच्या बाजूचा सॅक्सन, म्हणजे इंग्लंडातलाच, भिक्षू ईडल्फ. खुनी कोण ते मी इथे सांगणार नाही, कारण वार्षिकांकातही सांगितलं नाही आणि त्यावरूनही एक भांडण झालंच.

पहिल्या चिठ्ठ्या आल्या त्या बहुतेक तक्रारींच्याच. नावं तोंडात बसत नाहीत, ही सगळ्यात मोठी. ओस्वी, ओसवाल्ड, अल्फ्रिथ, एअनफ्लेड… एका सभासदाने तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळच काढली होती, आणि ती इतकी उपयोगी होती की ग्रंथपालांनी पुस्तक खराब केल्याबद्दल एरवी जे बोलले असते ते गिळलं. फिडेल्माच्या वकिली पदाचा उच्चार जवळपास ‘डॉली’ असा होतो हे कळल्यावर तिला आमच्यात दुसरं नावच उरलं नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. खून झाला, राजा हादरला, आणि ही माणसं ईस्टरची तारीख कशी काढायची यावर तासन्‌तास बोलतात! ‘तारखेवरून कोणी जिवावर उठतं का?’ असं एका चिठ्ठीत होतं. ‘विश्वास बसला नाही’ या सदराखाली हेच पुन्हापुन्हा आलं. मला वाटलं, पुस्तक बुडालं.

त्याला तारलं ते आमच्या अण्णांनी. अण्णा मूळचे रत्नागिरीकडचे, रहस्यकथा बिलकूल न वाचणारे. बैठकीत ते शांतपणे म्हणाले, ‘आमच्या घरी टिळक पंचांग. बायकोच्या माहेरी दाते. काही वर्षी आमचा गणपती त्यांच्या महिनाभर आधी येतो. आम्ही विसर्जन करून मोकळे, आणि त्यांच्याकडे अजून मखरसुद्धा नाही. पहिल्या वर्षी ही माहेरी गेली तेव्हा काय झालं ते विचारा.’ काय झालं ते कोणी विचारायच्या आतच सांगून झालं. आणि मग ते म्हणाले, ‘राजाच्या घरीही हेच चाललंय की.’

खरंच तसंच चाललं होतं. बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने ७३१ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय. राजा ओस्वीची तरुणपणाची वर्षं आयरिश लोकांत निर्वासित म्हणून गेली, म्हणून तो आयरिश रीत पाळायचा. राणी एअनफ्लेड दक्षिणेकडच्या केंटच्या राज्यात वाढलेली, तिचे पुरोहित रोमच्या रीतीचे. परिणामी एकाच वाड्यात राजा उपवास सोडून ईस्टरच्या मेजवानीला बसलेला आणि राणी अजून उपवासात, तिचा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, चालू. हे वाचून दाखवल्यावर मघाशी ‘तारखेवरून कोणी जिवावर उठतं का’ लिहिणाऱ्या बाईच म्हणाल्या, ‘स्वयंपाकघराचे हाल झाले असतील.’

अण्णांना मग थांबवणं अवघड गेलं, आणि थांबवावंसं वाटलंही नाही. आयरिश मठ ८४ वर्षांचं चक्र वापरत. रोमच्या बाजूने जे गणित आलं ते १९ वर्षांचं. आयरिश हिशोबात ईस्टरचा रविवार चांद्रमासाच्या चौदाव्या ते विसाव्या दिवसांत कधीही चाले, रोमवाल्यांना पंधरावा ते एकविसावा लागे. म्हणजे चौदाव्या दिवशीच रविवार आला की दोघांचं फिसकटलं. अण्णांनी कागदावर मांडून दाखवलं की १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात. बारा महिन्यांच्या हिशोबाने २२८ होतात आणि वरचे ७ उरतात. ‘तेच आपले अधिकमास,’ ते म्हणाले, ‘रोमवाल्यांना फक्त नाव देता आलं नाही.’ मी ते वाक्य लगेच टिपून घेतलं.

ग्रहणाचंही असंच. ६६४ च्या मे महिन्यात खरोखर मोठं सूर्यग्रहण झालं, पाठोपाठ साथ आली, आणि कादंबरीत त्या ग्रहणाचा चांगला उपयोग केलाय. बीडने त्याची तारीख ३ मे दिली आहे. आयरिश बखरींत १ मे आहे. आणि आजचं खगोलगणित १ मेच्या बाजूने आहे! सभेत जिंकलेल्या, म्हणजे रोमच्या, पक्षाच्या इतिहासकाराची तारीख दोन दिवसांनी चुकली आणि हरलेल्यांची बरोबर निघाली. अण्णांना याचा जो आनंद झाला तो पाहून मला वाटलं, खुनी सापडला तरी एवढा होणार नाही. झालाही नाही.

भिक्षूंनी डोकं कसं भादरायचं हाही सभेतला वाद होता. रोमवाले माथ्यावर गोल भादरून कडेला केसांचं कडं ठेवत, आयरिश एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पुढचा भाग भादरत. यावर चिठ्ठ्यांत फारसं काही आलं नाही. शेंडी ठेवण्या-न ठेवण्यावरून झालेली भांडणं ज्यांच्या आजोबांनी पाहिली त्यांना यात अविश्वसनीय काही वाटलं नसावं.

खरा भडका दुसऱ्या फेरीत उडाला, आणि तो खुनावरून नव्हे, कायद्यावरून. आमच्यात एक निवृत्त वकील आहेत. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. त्यांच्यासमोर बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, ज्यांनी अर्ध्या वाटेतच मालिकेतली पुढची दोन पुस्तकं मागवली होती. काकूंना फिडेल्मा जीव की प्राण. सातव्या शतकातली बाई राजासमोर उभी राहते, धर्मगुरूंची उलटतपासणी घेते, आठ वर्षं कायदा शिकून सर्वोच्च पदवीच्या फक्त एक पायरी खाली पोचलेली असते. ‘आपल्याकडे तेव्हा काय होतं?’ हा काकूंचा चिठ्ठीवरचा प्रश्न.

वकीलसाहेबांनी उत्तर म्हणून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक श्लोक लिहून आणला होता. ‘पिता रक्षति कौमारे भर्ता रक्षति यौवने। रक्षन्ति स्थविरे पुत्रा न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति॥’ मनुस्मृती, नववा अध्याय. काकू म्हणाल्या, तेच म्हणतेय मी. तर वकीलसाहेब म्हणाले, ‘हे आपलं. आता त्यांचं ऐका.’ आणि त्यांनी जुन्या आयरिश कायद्याच्या एका ग्रंथातल्या वचनाचा आशय वाचला. मुलगी असताना बाप तिच्यावर लक्ष ठेवतो. लग्नाची बायको झाली की नवरा. मुलं झाली की मुलगे. आणि यातलं कोणी नसेल तर भाऊबंद. बैठक एकदम गप्प. इतकं जवळचं असेल अशी कोणाचीच कल्पना नव्हती. आयरिश कायद्याच्या अभ्यासकांनी मनूशी हे साम्य कधीचं नोंदवलंय, आम्हालाच ते नवीन.

‘म्हणजे डॉली खोटी?’ कॉलेजात जाणाऱ्या आमच्या सगळ्यात धाकट्या सभासद मुलीने विचारलं.

इथून पुढे काकूंनी जी तयारी करून दाखवली तिला तोड नव्हती. त्या पुढच्या बैठकीला वहीच घेऊन आल्या. नियम तसा होता खरा, पण अपवादही तिथल्याच ग्रंथांत आहेत. भाऊ नसलेल्या मुलीला वडिलांच्या जमिनीत हयातीपुरता वारसा मिळे, आणि अशा बाईचं कायद्यातलं वजन वेगळं. घटस्फोट बायकोलाही मागता येई आणि त्याची कारणं लिहून ठेवलेली होती. नवऱ्याने मारून व्रण उठवला तर, दुसरीसाठी हिला टाकलं तर, आणि शेजेवरच्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या तरसुद्धा. (या शेवटच्या कारणावर बैठकीतले काही नवरे उगाच खिडकीबाहेर बघू लागले.) आणि काकूंचा हुकमी एक्का म्हणजे ब्रिगची गोष्ट. सेन्खा नावाच्या न्यायाधीशाने बायकांच्या जमिनीवरच्या हक्काबद्दल चुकीचा निवाडा दिला, लगेच त्याच्या गालांवर फोड उठले. ब्रिग नावाच्या बाईने खरा निवाडा दिला तेव्हा ते गेले. वकीलसाहेब म्हणाले, ही दंतकथा आहे. काकू म्हणाल्या, असेल, पण कायद्याच्या ग्रंथात घालून ठेवलीय ना? दंतकथा कुठे ठेवतात यावरूनही काही कळतंच.

मला दोघांचंही पटलं, आणि नेमकं तेच माझ्या मजकुराचं दुखणं होऊन बसलं. ‘काहींना हे पटले तर काहींना ते’ असं लिहिलं की वाचणारा पान उलटतो.

अडलेली गाडी हलली ती दातांमुळे. कादंबरीत सॅक्सन लोक फार रासवट दाखवलेत. पहिल्याच प्रकरणात फिडेल्माच्या तांड्याला चौरस्त्यावर फासावर लटकवलेला एक भिक्षू दिसतो, आणि पुढे पानोपानी तिला सांगावं लागतं की आमच्या देशात असं नसतं, आमच्याकडे गुन्ह्याची भरपाई करून घेतात, माणसाची किंमत ठरलेली असते, जीव घेणं हा शेवटचा उपाय. आयर्लंडपुरतं हे बरोबर आहे. तिथे प्रत्येकाच्या प्रतिष्ठेचं मोल ठरलेलं होतं आणि खुनालाही भरपाई होती. पण वकीलसाहेबांनी विचारलं, सॅक्सनांकडे नव्हती का? मी इंग्रजी भाषांतर शोधून काढलं केंटच्या एथेलबर्ट राजाच्या कायद्याचं. हा इसवी सन ६०० च्या सुमाराचा, म्हणजे कादंबरीच्या काळाच्याही आधीचा. त्यात नुसती भरपाईच भरपाई आहे. पुढच्या चार दातांपैकी एक पडला तर ६ शिलिंग. त्याच्या शेजारचा दात ४. त्याच्या पलीकडचा ३. उरलेले प्रत्येकी १. अंगठा तोडला तर २०, अंगठ्याचं नख गेलं तर ३. मी हे बैठकीत वाचलं तेव्हा दोघातिघांचा हात आपसूक गालाकडे गेला.

सॅक्सन समाज हिंसक नव्हता असा याचा अर्थ नाही. पण एकीकडे सुसंस्कृत कायदा आणि दुसरीकडे नुसता दोरखंड, अशी सरळ वाटणी नव्हती. ट्रेमेन यांना हे ठाऊक नसेल हे शक्यच नाही, त्यांचा अभ्यास त्यातलाच. मग त्यांनी असं का लिहिलं? वकीलसाहेबांनी चष्मा पुसत उत्तर दिलं, ‘अहो ताई, त्यांनी आयर्लंडचं वकीलपत्र घेतलंय. वकील सगळं खरं बोलतो. फक्त सगळं बोलत नाही.’

मला माझ्या चार पानांचा कणा मिळाला. मी चिठ्ठ्या पुन्हा त्या नजरेने लावल्या आणि त्या आपोआप जागेवर बसल्या. ज्यांनी हे पुस्तक इतिहास म्हणून वाचलं ते कुठे ना कुठे चिडलेले होते. काही फिडेल्मावर, काही लेखकावर, काही आपल्याकडच्या मनूवर. ज्यांनी नुसती रहस्यकथा म्हणून वाचलं ते कंटाळलेले. आणि ज्यांनी ‘हा एका बाजूचा कैफियतीचा कागद आहे, दुसरी बाजू आपण शोधायची’ असं धरून वाचलं, त्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यात लांब होत्या आणि शिव्यांसकट सगळ्यात प्रेमळ. गंमत अशी की दुसऱ्या बाजूची कैफियतही तयारच आहे. बीड हाच दुसऱ्या बाजूचा वकील. त्याच्या ग्रंथात आयरिश पक्षाचा बिशप कोलमन हा भला, साधा, पण हट्टाने चुकीच्या बाजूला राहिलेला माणूस, आणि रोमच्या बाजूने बोलणारा विल्फ्रिड मुद्देसूद. निकालाचा प्रसंग तर वाचण्यासारखा आहे. विल्फ्रिड म्हणतो, स्वर्गाच्या किल्ल्या ख्रिस्ताने आपल्या शिष्याकडे, रोमवाल्यांच्या संत पीटरकडे, दिल्या. राजा कोलमनला विचारतो, खरं का? कोलमन म्हणतो, खरं. तुमच्या कोलंबाला, आयोनाचा मठ स्थापणाऱ्या संताला, असं काही दिलं होतं का? नाही. मग राजा म्हणतो, त्या द्वारपालाशी मी वाकडं घेत नाही, उद्या मी दाराशी पोचलो तर दार कोण उघडणार? वकीलसाहेबांच्या मते राजाने निकाल सभेच्या आधीच ठरवला होता आणि हे निव्वळ निकालपत्राचं सुशोभीकरण. कोलमन आपली माणसं घेऊन आयोनाला निघून गेला, तिथून पुढे आयर्लंडला.

आता रहस्याबद्दल. त्याबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण लोकांनीही थोडक्यातच लिहिलं. रहस्यकथावाल्या फळीतल्या बऱ्याच जणांनी निम्म्यावरच्या चिठ्ठीत खुनी बरोबर ओळखला होता. चिठ्ठी आधी घेतल्याचा हा फायदा. पुरावा हातात होता, बढाईला जागा नव्हती. शेवटी सगळ्यांना एका ठिकाणी जमवून फिडेल्मा जो उलगडा करते तो त्यांना जुनाट वाटला. मला स्वतःला खुनापेक्षा खुनामागचं कारण पटलं, पण ते सांगितलं तर खुनी सांगितल्यासारखंच.

फिडेल्मा माणूस म्हणून कशी वाटली, यावर मात्र मतं पार टोकाची. ती उंच, तिच्या डोक्यावरच्या वस्त्राखालून तांबड्या केसांच्या बटा बंड करून बाहेर येतात, आणि तिच्या डोळ्यांचा रंग रागलोभाप्रमाणे बदलतो. हे आम्हाला लेखक विसरू देत नाही. कॉलेजकन्येने तिच्या प्रतीत दर वेळी बटेची बारीक खूण केली होती आणि बैठकीत ती पानं भराभर उलटून दाखवली. ‘हिला कोणी पिना का देत नाही?’ असा तिचा सवाल. शिवाय डॉली कधी चुकत नाही, तिला सगळं येतं, आणि समोरच्याला ते येत नाही हे ती लपवत नाही. गंमत म्हणजे यामुळेच ईडल्फ सगळ्यांना आवडला. तो शहाणा आहे, रोमच्या बाजूचा असूनही आयर्लंडमध्ये शिकलेला आहे, चुकतो, ओशाळतो, आणि पुन्हा कामाला लागतो. काकू सोडून जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं की गोष्ट ईडल्फच्या नजरेतून सांगितली असती तर बहार आली असती. काकूंनी लिहिलं की बाई हुशार असली की ती गर्विष्ठ आणि पुरुष हुशार असला की तो बुद्धिमान, हे या वाचनालयात सातव्या शतकापासून चालू आहे.

आणखी एक धक्का म्हणजे तिथल्या मठांची रचना. हिल्डाच्या मठात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते, प्रमुख बाई, आणि कादंबरीत तर मठवासीयांची लग्नं आणि मुलंबाळंही सहज येतात. ‘नन ना ह्या?’ हा प्रश्न कितीतरी चिठ्ठ्यांवर होता. ब्रह्मचर्याचा नियम सगळ्या धर्मसेवकांवर सक्तीने लादला जायला पुढे काही शतकं गेली. पुरुष आणि स्त्रियांचे जोडमठ तर त्या काळात इंग्लंडमध्ये होतेच. कोणीतरी मोबाईलवर व्हिट्बीचे फोटो दाखवले, कड्यावरच्या उंच कमानी, भग्न खिडक्या. फोटो सुरेख, पण ते अवशेष तेराव्या शतकातल्या बांधकामाचे. हिल्डाचा ६५७ साली उभा राहिलेला मठ तसा नव्हता. त्याच मठात कॅडमन नावाचा गुराखी एका रात्रीत कवी झाला असं बीड सांगतो, आणि इंग्रजी काव्याचा इतिहास बहुधा तिथूनच सुरू करतात. गुराख्याचं नाव निघाल्यावर बैठक संतांकडे वळली आणि तो दिवस तिथेच संपला.

काकूंच्या ‘आपल्याकडे तेव्हा काय होतं’ या प्रश्नाचं सरळ उत्तर शेवटी कॉलेजकन्येने आणलं. ती इतिहासाची विद्यार्थिनी. आपल्याकडे तेव्हा बदामीचे चालुक्य, पहिला विक्रमादित्य गादीवर. कांचीच्या पल्लवांनी बदामी घेऊन राजधानीची वाताहत केली होती, त्यातून याने राज्य पुन्हा उभं केलेलं. वेरूळची सुरुवातीची लेणी झालेली, पण कैलास अजून शंभर वर्षं दूर. ‘आणि बरोबर ६६४ सालीच,’ ती म्हणाली, ‘ह्युएन त्संग चीनमध्ये वारला.’ त्याआधी दोन तपांपूर्वी तो महाराष्ट्रातून गेला होता आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला होता की उपकार करणाऱ्याचे उपकार विसरत नाहीत, आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. एवढं सगळं पडलेलं असताना आमच्या हातात आयर्लंडचीच वकील का, असा तिचा रोख होता. रहस्यकथावाली फळी हसली. ऐतिहासिकवाली फळी जरा विचारात पडली, कारण चालुक्यांच्या काळात न्याय कसा चाले, साक्षी कोण घेई, खुनाची चौकशी कोण करी, हे कोणालाच पटकन सांगता येईना. ताम्रपटांत दानं सापडतात, चाटभटांना, म्हणजे राजाच्या शिपायांना, गावात शिरायला मनाई सापडते. उलटतपासणी नाही. ट्रेमेन यांच्या हाताशी कायद्याचे ग्रंथच्या ग्रंथ होते. मूळ कारण हे, नुसती हौस नव्हे. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, ‘ताई, स्मृती आहेत की. नारदस्मृतीत तर सगळं व्यवहाराचंच, म्हणजे खटल्यांचंच आहे.’ वकीलसाहेबांनी मान डोलावली. तिने आता ती वाचायला नेली आहे. परत कधी करते बघायचं.

मजकूर लिहून दिला. संपादकांनी चार पानांची अडीच केली. पहिली कात्री १९ वर्षांच्या गणिताला लावणार होते, पण अण्णा वाचनालयाचे आजीव सभासद असल्याने ती जागा शाबूत राहिली आणि कात्री कॅडमनवर चालली. संपादकांचा आग्रह होता की खुनी कोण ते छापावं, नाहीतर लेख अपुरा वाटतो. त्यावर रहस्यकथावाली फळी जन्मात पहिल्यांदा एकदिलाने कचेरीत धडकली. नाव छापलं गेलं नाही. दातांचा तक्ता मात्र चौकटीत छापला, आणि अंक निघाल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. एका दंतवैद्य सभासदांनी तो दवाखान्यात लावलाय म्हणे.

मालिकेतलं दुसरं पुस्तक घ्यायचं का, यावर मतदान घेतलं. त्याची कथा रोममध्ये घडते, आणि पुन्हा इतिहासातलाच एक मृत्यू उचलला आहे. कँटरबरीचा नियोजित आर्चबिशप विगहार्ड रोमला गेला आणि तिथेच वारला. बीड म्हणतो साथीने, कादंबरी म्हणते खुनाने. काकूंचा हात मतदान पुकारायच्या आधीच वर होता. वकीलसाहेबांनी अट घातली की या खेपेला बीड आधी वाचायचा, कादंबरी नंतर. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते मत देणार नाहीत. अट मंजूर झाली. बीडची एकच प्रत आहे आणि ती सध्या अण्णांकडे आहे, त्यामुळे बाकीच्यांचा नंबर लागेपर्यंत काकू मालिकेतलं पाचवं-सहावं संपवतील असा माझा अंदाज आहे.